फोटोत सावली नको

"सरका तिकडं. तुमची सावली पडून राह्यली कार्डावर."

"मी तं इकडं उभा हाय."

"इकडं नका राहू. माह्या मागं या. मागं म्हनलं तं डोक्यावर नका येऊ."

रविवारचे बारा वाजले होते. आमच्या अंगणात मी गुडघ्यांवर बसले होते आणि आमचे मिस्टर मोतीराम पाण्याचा तांब्या हातात धरून माझ्याभोवती प्रदक्षिणा घालत होते. समोर गौरीच्या मखरातलं सोनेरी सॅटिनचं कापड अंथरलं होतं. त्यावर माझी सहा ग्रीटिंग कार्डं, आणि शोभेला चारी बाजूंनी प्लास्टिकचे गुलाब. ऊन असं की फोनच्या काचेत मला माझंच तोंड दिसत होतं, फोटो दिसत नव्हता. अंदाजाने बटण दाबत होते. पुण्याच्या मयुरी मॅडमनी स्पष्ट लिहिलं होतं, फोटोत सावली नको. म्हणून सगळ्या धाड गावात जिथे तसूभर सावली नव्हती ती जागा मी शोधली होती, आणि ती निघाली आमच्याच अंगणाच्या मधोमध.

तेवढ्यात रुखमामावशी फाटकातून आत आल्या, काखेत फॉल लावायची साडी.

"पाह्यलं वं तुह्यं बोर्ड स्टँडवर," त्या म्हणाल्या. "लय गोरी दिसून राह्यली. पुन्याले कवा जानं हाय?"

"अजून वेळ हाय, मावशी," मी म्हणाले आणि मिस्टरांकडे असं पाहिलं की ते तांब्या घेऊन घरात गेले.

ही बोर्डाची भानगड आधी सांगते, म्हणजे मी त्या उन्हात कशाला भाजून घेत होते ते कळेल. मी धाडमध्ये अठरा वर्षं घरातच फॉल-पिकोचं दुकान चालवते. ब्लाउजची कातरणं उरतात, त्यांची मी कार्डं करते. जाड कागदावर कातरणं शिवून चित्र करायचं. लाल कातरणाची एसटी, जरीच्या काठाची झूल घातलेली पोळ्याची बैलजोडी, खरा कापूस लावलेलं कपाशीचं झाड. कुणाची बदली, कुणाचं बारसं, कुणाचा निरोप समारंभ, लोक सांगतात आणि मी करून देते. माझी लेक करिष्मा मलकापूरला दिलेली आहे. पुण्यात दिवाळीआधी हातकामाचं एक प्रदर्शन असतं, फोटो बघून तिथे माणसं निवडतात, असं तिने कळवलं. मी संध्याकाळी ट्यूबलाइटखाली फोटो काढले आणि पाठवून दिले.

बुधवारी प्रदर्शनाच्या मयुरी मॅडमचं उत्तर आलं तेव्हा फोन मिस्टरांच्या हातात होता. फोनवर वरच्या बाजूला निरोपाची पहिली ओळ तेवढी दिसते ना, तेवढीच त्यांनी वाचली. "ताई, कार्डं खूप सुंदर आहेत, आम्हाला आवडली." बस. आमचे मिस्टर बुलढाण्याच्या रस्त्यावर जीप चालवतात. दिवसभर त्यांचा मुक्काम स्टँडवर, आणि स्टँडवर एकदा बोललेली गोष्ट परत घेता येत नाही. शुक्रवारी सकाळी स्टँडसमोर बारा फुटांचं फ्लेक्स लागलं. "पुणे येथील भव्य प्रदर्शनात निवड झाल्याबद्दल सौ. वंदनाताई मोतीराम काळवाघे यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, जीप चालक-मालक मित्रमंडळ." फोटो पुतण्याच्या लग्नातला. शेजारी बसलेल्या माझ्या जावेला कापून काढलं होतं, पण तिचा खांदा तसाच राहिला होता.

बोर्ड लागल्यावर मी फोन उघडून सगळा निरोप वाचला, तर पहिल्या ओळीच्या खाली काय लिहिलं होतं? पण फोटो फार अंधारे आलेत, काम कळत नाही, निवड फोटोवरूनच होते, नीट उजेडात पुन्हा काढा, सावली नको, रविवारी पाचपर्यंत पाठवा, नंतर यादी बंद.

म्हणजे निवड झालेलीच नव्हती. गावाने मात्र पेढे मागायला सुरुवात केली होती. दोन दिवस मी दुकानाच्या बाहेर पडले नाही. दळण आणायलासुद्धा शेजारणीला पाठवलं. रात्री डोळा लागायचा नाही आणि लागला तर स्वप्नात माझ्या जावेचा तो खांदा दिसायचा.

उन्हातले सहा फोटो मी साडेबाराला पाठवले. एक वाजता मयुरी मॅडमचा आवाजातला निरोप आला. पोरगी गोड बोलते, त्यात खोट नाही.

"ताई, सॉरी हं, पण हे फोटो आधीपेक्षा कठीण झालेत. उन्हाने रंगच उडालेत सगळे. ती लाल बस आहे ना, ती चक्क पांढरी दिसतेय. आणि सावल्या अजूनच काळ्या आल्यात. मी म्हटलं होतं ना, सावली नको. शिवाय त्या सोनेरी कापडाची चमक इतकी आहे की कार्ड कुठे संपतं ते कळत नाही. आज पाचपर्यंत जमलं तर बघा. नाहीतर मग पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी म्हणे. तोवर स्टँडवरच्या त्या फ्लेक्सखालून मी रोज जायचं काय?

"काढा ते बोर्ड," मी मिस्टरांना म्हणाले. "आत्ता जा आन काढा."

"अवं पन होईन ना निवड. कार्डं तं चांगली हाय."

"तुमाले दोन ओळी वाचता येत नाई काय? तोंड कसं दाखवू मी लोकायले? उद्या हेच म्हनतीन, काळवाघेची बायको खोटी पडली. बोर्ड तुम्ही लावलं, खोटी मी पडन."

त्यांनी जीपची किल्ली उचलली. दोन वाजताची बुलढाण्याची सवारी होती. चपला घालून गेले. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाच जास्त राग आला. कार्डं साडीच्या खोक्यात भरली, वरून सॅटिन आणि गुलाब कोंबले, आणि मागच्या गल्लीने, स्टँड चुकवून, मेहबूबभाईंच्या स्टुडिओत गेले.

मेहबूबभाई म्हणजे धाडचे जुने फोटोग्राफर. आमच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले होते. त्यातल्या एकाही फोटोत माझे डोळे उघडे नाहीत, आणि त्याचा दोष ते आजही मलाच देतात. आता लग्नाची कामं नवी पोरं घेतात. भाईंच्या दुकानात झेरॉक्स, आधारचे फॉर्म आणि पासपोर्ट फोटो एवढंच चालतं. मी गेले तेव्हा ते जेवून पेपर वाचत बसले होते.

मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि एकेक फोटो पाहिला.

"वहिनी, हे कार्ड हाय का भट्टीतला पाव? येवढं काऊन भाजलं?"

"चेष्टा नका करू भाई. मॅडमनं सांगितलं होतं तसंच केलं."

"काय सांगितलं होतं?"

"सावली नको."

"मंग?"

"मंग काय? सावली नको म्हून उनात काढले. मुद्दाम भर बाराले काढले."

मेहबूबभाईंनी पेपरची घडी घातली. माझी दया आली असावी, कारण हसले नाहीत. निदान लगेच तरी.

"अवो वहिनी, सावली उनातच पडते. उन नाई तं सावली कायची?" ते म्हणाले. "दोन सावल्या असतात. एक बसाची आन एक पडाची. झाडाखाली आपन बसतो ते बसाची. आपल्या पायाखाली काळी पडते ते पडाची. मॅडमले पडाची नको. तुम्ही बसाचीच सोडून उनात पळाल्या. पडाची नको असंन तं बसाचीत जा."

अठरा वर्षं मी दुपारचं मशीन ओसरीत घेते, कारण ओसरीतच दोरा नीट ओवता येतो. उन्हात सुई चमकते आणि नाकं दिसत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि तीच मी, एका शब्दापायी, कार्डं घेऊन उन्हात जाऊन बसले होते. मला इतका वेळ आलेलं रडू गेलं आणि हसू यायला लागलं. मग भाईसुद्धा हसले. त्यांनी बराच वेळ दाबून धरलं होतं.

"चला," ते म्हणाले. "मागच्या ओसरीत उजेड मऊ हाय. उत्तरेकडून येते. पाचपर्यंत टिकन."

ओसरीत त्यांनी एक टेबल ओढलं. मी सॅटिन काढायला लागले तर हात आडवा केला.

"हे काय?"

"खाली अंथराले. आन हे फुलं बाजूनं."

"इकाचं काय हाय? कार्ड का फुलं?"

"कार्ड."

"मंग फुलायले घरी ठेवा. फोटोत नवरी एकच पाह्यजे. मी लग्नात करवल्यायले हाकलत होतो, माहीत हाय ना?"

माहीत कसं नसेल. माझ्या बहिणीला हाकललं होतं, ती अजून रागात आहे.

झेरॉक्सच्या कागदांचं पार्सल ज्या तपकिरी कागदात येतं, तो त्यांनी टेबलावर पसरला आणि मागे भिंतीवर चढवला, म्हणजे कुठे कोपरा दिसू नये. मग माझा फोन घेतला, उलटा केला आणि कॅमेऱ्याच्या काचेवर बोट फिरवून मला दाखवलं. बोट चकचकीत.

"खोबरेल. येवढं तेल माह्या भज्यातबी नसते."

काच त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पुसली, दोनदा. फ्लॅश बंद केला. मला वाटलं आता ते फोटो काढतील, पण त्यांनी फोन परत माझ्या हातात दिला.

"तुम्ही काढा."

"मी कायले? तुम्ही हाय ना."

त्यांनी उजवा हात समोर धरला. बोटं थरथरत होती, थोडी, पण थांबत नव्हती. "चार वर्सं झाली," ते म्हणाले. "पासपोर्टले स्टँड हाय, म्हून चालून राह्यलं. तुमचा हात पक्का हाय. दिवसभर सरळ शिलाई मारता तुम्ही. दोन विटा देतो, त्याच्यावर फोन टेकवा आन श्वास धरून दाबा."

मला वाईट वाटलं. विटा मीच उचलून आणल्या.

एसटीचं कार्ड मी टेबलावर आडवं ठेवलं. त्यांनी ते मागे टेकू देऊन जरा तिरकं उभं केलं. एका बाजूने उजेड येत होता, दुसरी बाजू काळपट राहत होती. म्हणून त्या बाजूला त्यांनी जुन्या लग्नाच्या 'शुभविवाह' पाटीचा थर्माकोल उलटा करून धरला. पांढऱ्या थर्माकोलवरून उजेड परतला आणि काळी बाजूही उघडली. मी बोटांनी फोटो जवळ ओढायला लागले तर म्हणाले, "ओढू नका. ओढून आनलं का धान्यावानी दाने दिसतात. पाय हाय ना? तुम्ही जवळ जा."

मी जवळ गेले, श्वास धरला आणि दाबलं.

फोटो पाहिला आणि मला खरंच बरं वाटलं. लाल ती लालच होती. बसच्या खिडक्यांना मी पिवळा दोरा घातला होता, तो एकेक टाका दिसत होता. माझं काम मी रोज बघते, पण इतकं नीट मीही कधी पाहिलं नव्हतं. दुकानात काम संपलं की घडी, घडी झाली की पिशवी.

कपाशीच्या कार्डाला मात्र अडलं. बोंडाखाली एक बारीकशी सावली पडत होती. मी थर्माकोल हलवून पाहिला, कार्ड फिरवून पाहिलं.

"आता काय?" भाई म्हणाले.

"हे पाहा, सावली. बारकी हाय, पन हाय."

"ते राहू द्या. ते नसली तं कापूस चपटा दिसन. येवढी पाह्यजेच."

"नको म्हनलं ना पन तिनं."

"वहिनी, तिनं काळे डाग नको म्हनलं. कापूस फुगेल हाय हे तिले कळाले नको काय?"

मी जीव मुठीत धरून तो फोटो तसाच ठेवला. बैलजोडीच्या फोटोत आणखी एक दिसलं. झुलीच्या काठाला एक टाका तिरका गेला होता. घरी जाऊन उसवून परत घालून येते म्हणाले तर भाईंनी घड्याळ दाखवलं. सव्वाचार. "छापेल नाई, शिवेल हाय, हे कळू द्या लोकायले," एवढंच म्हणाले आणि पुढचं कार्ड लावायला घेतलं.

साडेचारला सहाही फोटो झाले. पाठवताना साधे पाठवले तर बारीक होतात म्हणून त्यांनी मला दुसऱ्या रस्त्याने पाठवायला शिकवलं, फाईल म्हणून. त्याला वेळ लागतो. पाच फोटो गेले. सहावा, नेमका एसटीचा, गोल फिरत राहिला. पावणेपाच. पाचला पाच मिनिटं कमी. रेंज मिळावी म्हणून मी पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर चढून फोन छताला लावला. एक माणूस आधारचा फॉर्म घेऊन आला होता, तोही काही न विचारता माझ्याकडे बघत उभा राहिला. पाचला तीन मिनिटं असताना गोल थांबला आणि दोन टिका आल्या.

मी खाली उतरले.

"चा सांगतो," मेहबूबभाई म्हणाले.

चहा आला त्याच वेळी दुकानासमोर जीप थांबली आणि मिस्टर उतरले. टपावर एक लांब गुंडाळी दोरीने बांधलेली होती. मला आधी वाटलं कुणाचा तरी ताडपत्रीचा माल असेल.

"काढलं," ते म्हणाले. दारातच उभे राहिले.

"काय काढलं?"

"बोर्ड. सवारी थांबवून काढलं. स्टँडवरच्या देवानंदनं शिडी धरली."

"आन लोकायनं काय विचारलं?"

"विचारलं. म्या सांगितलं, वाचाची चुकी माही झाली. तिची निवड अजून व्हाची हाय. ती काई खोटी नाई बोलली, म्याच बोललो." त्यांनी रुमालाने मान पुसली. "स्टँडवर सांगितलं, सगळ्यायच्या समोर. हसले वं सगळे. हसू दे."

सव्वीस वर्षांच्या संसारात आमच्या मिस्टरांनी चूक कबूल केल्याचं मला आठवत नाही. वाटाण्याऐवजी तुरीची डाळ आणली तरी दुकानदाराची चूक. मी त्यांना माझा चहा दिला. मला अजून उत्तर माहीत नव्हतं, तरी दोन दिवसांची छातीवरची धोंड उतरली होती. उद्या दळण मी स्वतः आणू शकणार होते, निवड होवो नाहीतर न होवो.

उत्तर साडेपाचला आलं. पुन्हा आवाजच होता. माझा धीर होईना, म्हणून भाईंनी त्यांच्या थरथरत्या बोटाने तो लावला.

"ताई, काय फरक पडलाय. मला आत्ता कळलं की हे शिवलेलं आहे, मी इतके दिवस चिकटवलेलं समजत होते. तो कापूस तर उचलून घ्यावासा वाटतोय. तुमचं नाव यादीत घेतलंय. एसटीची कार्डं जरा जास्त आणा. आणि एक विनंती, प्रत्येक कार्डाच्या मागे करणाऱ्याचं नाव हवं. शिक्का नको, छापील नको, तुमच्या हाताने लिहा."

आधारवाला माणूस म्हणाला, "झालं म्हना काम." झालं होतं. मी स्टुलावर बसले आणि पदर तोंडाला लावला. दुपारचं राहिलेलं सगळं रडू तेव्हा आलं, पण त्याचा आता राग नव्हता. मिस्टर खोकत होते, म्हणजे त्यांचंही तेच चाललं होतं.

"मंग?" थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं. "लावू परत? आता तं खरं हाय."

"काई गरज नाई. घरी न्या. मशीनवर झाकाले होईन."

मेहबूबभाईंना मी बैलजोडीचं कार्ड देऊ केलं. प्रदर्शनाला लागेल म्हणून त्यांनी घेतलं नाही. "मले दुसरं करून द्या," म्हणाले. "एक माणूस, डोळे उघडे असलेल्या बाईचा फोटो काढून राह्यला, असं."

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. भाजी फोडणीला टाकायच्या आधी मी एसटीचं कार्ड पालथं केलं आणि पेन घेतलं. मग लक्षात आलं, मला काय लिहायचं ते माहीत नाही. आजवर मी शेकड्यांनी कार्डं केली. आत लिहिलेलं असायचं, समस्त शिक्षकवृंद, आपले विद्यार्थी, गावकरी मंडळी. काय लिहायचं ते कार्ड करायला देणारे सांगायचे आणि अक्षर चांगलं म्हणून मीच लिहायचे. दुकानातल्या साड्यांना चिठ्ठ्या टाचते, त्यांवरही रोज दुसऱ्यांचीच नावं. माझं नाव मी शेवटचं कधी लिहिलं, तर बँकेच्या फॉर्मवर, आणि तिथे चौकटी आखलेल्या होत्या.

मी एका चिठ्ठीवर दोनदा लिहून पाहिलं. मग कार्डावर लिहिलं. वंदना.

मिस्टर खांद्यावरून वाकून बघत होते. या वेळी त्यांनी सगळं वाचलं, कारण वाचायला एवढंच होतं.

"नुसतं वंदना?" ते म्हणाले. "माहं नाव, आडनाव काऊन नाई लेयलं?"

"जागा नव्हती," मी म्हणाले.

कार्डाची मागची बाजू सगळी कोरी होती. त्यांनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि बरं म्हणाले. मी दुसरं कार्ड पालथं केलं.